हातभर दूरचा दिवा

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पणती, समई, लामणदिवा, आकाशकंदील या साऱ्यांचे गुणगान आजवर इतके झाले आहे की, त्यात मी भर घालावी असे काही उरलेले नाही. मला लिहायचे आहे ते एका निराळ्याच दिव्याविषयी. हा दिवा तेवत नाही. डोळ्याचे पाते लवायच्या आत तो पेटून विझलेला असतो, आणि त्याचा उजेड पाहण्यासाठी नसून नंतर पाहता यावे म्हणून असतो. फोटोग्राफर मंडळी त्याला फ्लॅश म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण ‘क्षणदीप’ वगैरे शब्द बनवता येतात, पण ते कोणी बोलत नाही.

त्यातही मला सांगायची आहे ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर तुऱ्यासारख्या बसलेल्या फ्लॅशची हकीकत नव्हे. कॅमेरा एकीकडे आणि दिवा दुसरीकडे, हातभर, दहा हात, प्रसंगी शंभर पावले दूर, आणि समोरचा माणूस वा जनावर उघड्या आभाळाखाली, अशा फोटोंची ही कथा आहे. हल्लीच्या हौशी मुलांना वाटते की दिवा कॅमेऱ्यापासून सोडवणे ही अगदी ताजी युक्ती. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दिवा आधी दूरच होता. त्याला कॅमेऱ्यावर आणून बसवले ते पुढे, सोयीच्या लोभाने.

फुलबाजी पेटवताना तिच्यातून पिवळ्या-नारिंगी ठिणग्या उडतात त्या लोखंडाच्या किसाच्या, आणि लख्ख पांढऱ्या उडतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या. यातले मॅग्नेशियम हे आपल्या कथेतले पहिले पात्र. १८६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये या धातूची तार विकत मिळू लागली. ती पेटवली की सूर्यप्रकाशाला जवळ असा पांढराशुभ्र उजेड पडतो, हे कळताच मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स नावाच्या फोटोग्राफरने १८६४ साली तिच्या उजेडात माणसांचे आणि खाणीच्या पोटातले फोटो काढले. पुढच्याच वर्षी चार्ल्स पियाझी स्मिथ हा ज्योतिषशास्त्रज्ञ ती तार घेऊन इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडात शिरला. पण तार जळताना पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि उजेड सावकाश पडे. हलत्या जिवाचा फोटो घेण्यास ती निरुपयोगी होती.

१८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक चूर्ण तयार केले. ठिणगी लागताच ते भडकन उडे. तार हळूहळू जळत होती, हे चूर्ण एका क्षणात जळून जाई. आणि फोटोग्राफीच्या दृष्टीने सगळा फरक त्या एका क्षणात होता. याच चुर्णाने न्यूयॉर्कच्या जेकब रीस या बातमीदाराने तिथल्या गोरगरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगापुढे आणल्या. आधी तो पिस्तुलासारख्या यंत्राने चूर्ण उडवी. दारात पिस्तूल रोखलेला मनुष्य पाहून लोक घाबरतात हे लक्षात आल्यावर त्याने स्वयंपाकघरातला तळणीचा तवा हाती घेतला. त्या तव्यापायी एकदोनदा घराला आग लागली ती गोष्ट वेगळी. असले स्फोटक चूर्ण भिंगाशेजारी पेटवण्याचे धाडस कोण करणार? धूर, राख आणि भडका यांपासून कॅमेरा वाचवायचा तर दिवा लांब धरणे भागच होते.

घरातून हा दिवा रानात नेला तो जॉर्ज शायरस (तिसरा) या अमेरिकन वकिलाने. बाप सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, स्वतः पुढे एकदा काँग्रेसचा सभासद, आणि लहानपणापासून शिकारीचा शोक. मिशिगन राज्यात मार्केट गावाजवळ व्हाइटफिश नावाचे एक सरोवर आहे. तिथे तो दरवर्षी जाई. त्या भागातल्या ओजिब्वे लोकांची रात्री हरिण मारण्याची एक पद्धत होती. होडीच्या नाळेवर जाळ पेटवायचा आणि पाण्यावरून आवाज न करता सरकत जायचे. काठावर पाणी प्यायला आलेले हरिण त्या उजेडाकडे खिळल्यासारखे बघत राही. अंधारात त्याचे दोन डोळे निखाऱ्यासारखे चमकत, आणि त्या दोन निखाऱ्यांच्या मधोमध नेम धरला की काम झाले. शायरसने ही पद्धत जशीच्या तशी उचलली. बदलली एकच गोष्ट. बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला, आणि ऐन क्षणी डोक्यावर उंच धरलेल्या यंत्रातून मॅग्नेशियमचे चूर्ण उडवले.

ती चित्रे एकदा तरी पाहावीत. काळ्याभोर पाण्याच्या काठी पांढरी शेपटी उभारलेली हरिणी, तिचे पाण्यातले प्रतिबिंब, मागे गवताची एकेक काडी उजळलेली, आणि त्यापलीकडे काहीच नाही, नुसता अंधार. काही चित्रांत तर त्याने दोन कॅमेरे वापरले: पहिल्या झगझगाटाने हरिणे दचकून उडी घेत, आणि दुसऱ्या झगझगाटात ती हवेतच पकडली जात. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या चित्रांना सुवर्णपदक मिळाले. जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. तेव्हा ते मासिक भूगोलाच्या पंडितांचे होते. मासिकाचे चित्रांचे पुस्तक झाले म्हणून कार्यकारी मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. विद्वानांचा चित्रांवरचा राग हा असा सर्व देशांत सारखाच असतो. शायरसने मात्र रागावणाऱ्यांकडे न पाहता आपले काम चालू ठेवले. १९०४ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी काँग्रेसमध्ये विधेयक मांडणारा तो हाच.

त्याच सुमारास जर्मनीचा कार्ल गेओर्ग शिलिंग्ज पूर्व आफ्रिकेत सिंहांचे रात्रीचे फोटो काढीत होता. त्याच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘फ्लॅश आणि बंदूक’ अशी दोन्ही हत्यारे आहेत, आणि त्याने ती दोन्ही मनसोक्त वापरली. म्हणून मला तो अर्ध्या वाटेवरचा प्रवासी वाटतो. उरलेली अर्धी वाट चालला तो आपल्याकडचा एक साहेब.

फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. जिम कॉर्बेटचे नाव घरोघरी पोचले. चॅम्पियन मात्र वनखात्याच्या कागदपत्रांत राहिला. १८९३ साली जन्मलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर संयुक्त प्रांतात वनाधिकारी झाला आणि १९४७ पर्यंत तिथेच राहिला. हिंदुस्थानातल्या अरण्यांचे प्रकार लावून देणारा हॅरी चॅम्पियन तो त्याचाच भाऊ. त्या काळी साहेबाने वाघ मारला नाही तर त्याच्या साहेबपणाविषयी शंका घेतली जाई. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो ही तेव्हाची ठरलेली चौकट. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत आजही असे फोटो धूळ खात लटकत असतात. चॅम्पियनला पाय ठेवण्यात रस नव्हता. त्याला हवा होता जिवंत वाघ, आपल्या वाटेने, आपल्या कामाला निघालेला.

आता अडचण पाहा. वाघ हिंडतो रात्री. रात्री फ्लॅशवाचून फोटो नाही. फ्लॅश उडवायला माणूस हवा, आणि माणसाचा वास आला की वाघ नाही. शायरसच्या हरिणांसारखा वाघ काही काठावर उभा राहून बघत बसणार नव्हता. यावर शायरसनेच पूर्वी योजलेली एक युक्ती होती, ती चॅम्पियनने शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत वर्षानुवर्षे घासूनपुसून लखलखीत केली. वाघांच्या नेहमीच्या पाऊलवाटेवर एक बारीक तार आडवी ताणायची. तारेला वाघाचा पाय लागला की विजेचे मंडल पुरे होऊन चूर्ण उडे आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. म्हणजे वाघाचा फोटो वाघच काढी. चॅम्पियन त्या वेळी आपल्या तंबूत असे.

सांगायला हे सोपे आहे. तार फार उंच बांधली तर सांबर ओढून जाणार, फार खाली बांधली तर साळिंदर. दवाने चूर्ण ओलसर होणार. एका रात्रीत एकच फोटो, कारण चूर्ण एकदाच उडते. तेव्हा वाघाच्या आधी एखादे तरस त्या वाटेने गेले की रात्र फुकट. आणि सकाळी जाऊन पाहावे तर वाघ तारेपाशी येऊन, तिचा वास घेऊन, शेजारून निघून गेल्याची पावले धुळीत स्पष्ट. हा खेळ तो वर्षानुवर्षे खेळला. १९२५ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्याचे वाघ छापले, तेव्हा आपल्या रानात मोकळेपणी चालणाऱ्या वाघाचे असे फोटो जगाने प्रथम पाहिले. १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचे पुस्तक निघाले. शिकारीपेक्षा कॅमेऱ्याचा आनंद मोठा आहे, हे त्यात तो पुन्हा पुन्हा, थोडेसे आग्रहानेच, सांगतो. कॉर्बेटने पुढे बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलला, त्यामागेही चॅम्पियनच्या या चित्रांची प्रेरणा होती.

पण माझ्या मते या चित्रांचे खरे मोल निराळेच आहे. फोटो समोर मांडून पाहता पाहता चॅम्पियनच्या ध्यानात आले की, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून हा वाघ तो नव्हे, हे ठामपणे सांगता येते. शिकाऱ्यांच्या वहीत वाघ हा लांबीच्या आकड्याने ओळखला जाई, आणि ती लांबीही मेल्यावर मोजलेली. त्या रात्रीच्या दिव्यात वाघाला प्रथमच स्वतःचा चेहरा मिळाला. व्यक्तिचित्र म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

इथे दिवा कोठे ठेवला याला महत्त्व आहे, आणि थोडे शास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मांजर, वाघ, हरिण यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो परत फेकतो. दिवा भिंगाला अगदी चिकटून असेल तर तो परतलेला उजेड सरळ भिंगात शिरतो आणि जनावराच्या तोंडावर दोन पांढरी भोके दिसतात. माणसाच्या डोळ्यात तो थर नाही. तिथे मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग परत येतो. घरच्या बारशाच्या फोटोत साऱ्या मावश्या लाल डोळ्यांच्या राक्षसिणी दिसतात, त्याचे कारण एवढेच. दिवा हातभर बाजूला नेला की दोन्ही दोष जातात. शिवाय समोरून आलेला उजेड वस्तू चपटी करतो. बाजूने आलेला उजेड सावली टाकतो, आणि सावलीवाचून नाकाला उंची नाही की वाघाच्या खांद्याला गोलाई नाही. आपली मातीची पणती देवाच्या मूर्तीसमोर ठेवून पाहा आणि मग एका अंगाला सरकवून पाहा. कोणत्याही पुजाऱ्याला हे कळते.

मग दिवा कॅमेऱ्यावर चढला कसा? काचेच्या गोळ्यामुळे. १९२९ च्या सुमारास जर्मनीत योहानेस ओस्टरमायरने काचेच्या गोळ्यात अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि प्राणवायू कोंडून फ्लॅशचा बल्ब बाजारात आणला. धूर गेला, राख गेली, स्फोटाची भीती गेली. आणि भीती गेल्याबरोबर दिवा येऊन कॅमेऱ्याला चिकटला. वर्तमानपत्रांच्या धावपळीला ते सोयीचेच होते. न्यूयॉर्कचा वीजी हा गुन्ह्यांचे फोटो काढणारा वल्ली तर अंतर दहा फूट, वेळ सेकंदाचा दोनशेवा भाग, हे सगळे आधीच कायम करून ठेवी आणि नुसती कळ दाबी. त्याचे फोटो अंगावर धावून येतात, त्यांत कस आहे, हे मला मान्य. पण त्याच्या पाठोपाठ जगभर जे लाखो चपटे, भिंतीवर काळी सावली आपटलेले फोटो निघाले त्यांचे काय?

आमच्या लहानपणी वाड्यात लग्न निघाले की फोटोग्राफर असा बल्बचा कॅमेरा घेऊन येई. आम्हा मुलांचे लक्ष वधूवरांकडे नसून त्याच्या पायाशी असे. उडालेला बल्ब तो काढून टाकी, आणि त्यासाठी आमची झोंबाझोंबी चाले. गरम असे, चटका बसे, पण आतली जळून गेलेली जाळी आणि तडकून दुधाळ झालेली काच काय अपूर्व वाटे! त्या फोटोग्राफरबरोबर एक पोऱ्या असे. मंडपातले फोटो झटपट उरकून तो वधूवरांना अंगणात तुळशीवृंदावनापाशी नेई, एक लांब वायर सोडी, आणि पोऱ्याला दिवा घेऊन पायरीवर उभे करी. “वर धर! अजून वर!” हे त्याचे ओरडणे मला आजही ऐकू येते. मंडपातले फोटो आता ओळखू येत नाहीत. अंगणातल्या त्या एका फोटोत आत्याच्या नथीचा मोतीसुद्धा वेगळा दिसतो.

बल्बचा खरा सम्राट मात्र अमेरिकेतला ओ. विन्स्टन लिंक. शिक्षण इंजिनिअरिंगचे, धंदा जाहिरातींच्या फोटोंचा, आणि वेड वाफेच्या इंजिनांचे. नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफेवर चालणारी जवळजवळ अखेरची मोठी अमेरिकन रेल्वे होती, आणि तिची इंजिनेही लवकरच भंगारात जाणार हे ठरलेले होते. जानेवारी १९५५ पासून १९६० पर्यंत लिंक स्वतःच्या खर्चाने पुन्हा पुन्हा तिकडे गेला आणि रात्रीच्या गाड्यांचे फोटो काढीत राहिला. रात्रीच का? त्याचे म्हणणे असे की, सूर्य मला हलवता येत नाही आणि तो नेहमी नको तिथेच असतो. रूळही हलवता येत नाहीत. तेव्हा उजेडच आपला आपण करावा. यासाठी तो डझनावारी बल्ब झाडांत, घरांच्या आडोशाला, रुळांच्या कडेला लावी, मैलभर वायर अंथरी, आणि सगळे बल्ब एका माळेत जोडी. माळेतला एक बल्ब कच्चा निघाला तर सगळाच अंधार, आणि गाडी काही परत येणार नाही.

ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका मोटारीत बसून पाहायच्या उघड्या चित्रपटगृहात त्याने काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. पुढे उघड्या मोटारीत बिलगून बसलेले जोडपे, समोर पडद्यावर विमान, आणि बाजूने पांढऱ्या वाफेचे लोट सोडीत धडधडत जाणारे इंजिन. लिंकच्या दिव्यांपुढे पडद्यावरचे विमान पार पुसले गेले होते. ते त्याने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून छापून घेतले. काही शुद्धतावादी यावरून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ती वाफ खरी होती, आणि थोड्याच वर्षांत ती जगातून गेली.

तोवर बल्बचाही काळ भरत आला होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातला हॅरल्ड एजर्टन १९३१ पासून वायूने भरलेल्या नळीत विजेचा लोळ सोडून पाहत होता. संचारकात साठवलेली वीज नळीतून एकदम सुटली की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ लखलखाट होई, आणि नळी पुन्हा तयार! जुन्या कॅमेऱ्यांवर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी दोन अक्षरे असत, ती या स्थित्यंतराची खूण. बल्बला पुरता पेट घ्यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागे, म्हणून ‘एम’वर झडप थोडी थांबे, ‘एक्स’वर थांबायची गरज नसे. या विजेच्या दिव्याने फोटोग्राफरला एक मोठी देणगी दिली, ती दिवसाउजेडी फोटो काढणाऱ्यासच विशेष उपयोगी.

ती अशी. फ्लॅश इतका क्षणिक की झडप किती वेळ उघडी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याचे प्रमाण ठरते भिंगाच्या छिद्रावर आणि अंतरावर. आभाळाचा उजेड मात्र झडपेच्या वेळेवरही ठरतो. म्हणजे एकाच फोटोत दोन नळ, आणि दोन्ही वेगवेगळे सोडता येतात! हौशी वाचकाने संध्याकाळी गच्चीवर जाऊन हा प्रयोग जरूर करावा. सूर्य बहिणीच्या पाठीशी घ्यावा. आधी फ्लॅशवाचून नुसत्या आभाळाचा रंग हवा तसा उतरेपर्यंत वेळ आणि छिद्र जुळवावे. चेहरा काळा पडेल, पडू द्यावा. मग धाकट्या भावाच्या हाती फ्लॅश देऊन त्याला एका बाजूला, डोक्याहून थोडे उंच धरायला सांगावे. चेहरा फार उजळला तर भावाला दोन पावले मागे न्यावे: अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. पांढऱ्या छत्रीतून उजेड सोडला तर तो मऊ होतो. पण गच्चीवरचा वारा छत्रीसकट स्टँड उडवून नेतो, म्हणून भाऊच बरा. वेळ सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून कमी करू नये, कारण बहुतेक कॅमेऱ्यांतला पडदा त्यापुढे नुसत्या फटीसारखा सरकतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. भर दुपारी सूर्याशी स्पर्धा करायला लहान फ्लॅश अपुरा पडतो. शंभर गतीला छिद्र सोळावर न्यावे लागते, आणि मार्गदर्शक अंक बत्तीस असलेला दिवा तिथे दोन मीटरच पोचतो. वायरीऐवजी आता रेडिओने कळ पोचते, एवढाच फरक. बाकी सारे त्या अंगणातल्या पोऱ्याचेच काम.

चॅम्पियन १९७० साली वारला. त्याच वर्षी आपल्याकडे वाघाच्या शिकारीवर बंदी आली, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अरण्यांत आपला मेळघाट होता. वाघ किती, हे तेव्हा पावलांच्या ठशांवरून मोजीत. १९९० नंतर नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंत यांनी वाटेवर कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. तारेच्या जागी उष्णता ओळखणारा डोळा आला, चुर्णाच्या जागी विजेचा दिवा. २०१८-१९ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले, त्यांत ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, आणि त्यांतून २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले.

वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर एकेक कॅमेरा बांधतात. मात्र अगदी समोरासमोर नाही. दोघांना थोडे मागेपुढे सरकवून बांधतात, नाहीतर एकाचा दिवा दुसऱ्याच्या भिंगात शिरतो.